जून महिन्यात बेटावर चालत येऊ नये

आमच्या गावाला बेट आहे, हे आम्हाला मागच्या दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं. धरणाच्या पाण्यात एक टेकाड उभं आहे, एवढंच माहीत होतं. पावसाळ्यात त्याच्या चारी बाजूंनी पाणी चढतं, तेव्हा तिकडे कोणी जात नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मागच्या बाजूने जमिनीची एक पट्टी उघडी पडते, मग गावच्या सगळ्या म्हशी त्या पट्टीवरून टेकाडावर चरायला जातात. आमचा टेकाडाशी संबंध म्हणजे संध्याकाळी या म्हशींना हाका मारण्यापुरता.

मग साईनाथकाका परदेशी जाऊन आले.

साईनाथकाका म्हणजे माझ्या बाबांचे चुलतभाऊ. किन्हवलीला त्यांचं सिमेंट-पत्र्यांचं दुकान आहे. जास्त गोण्या खपवल्या की कंपनी दुकानदारांना फिरायला नेते. आधी शिर्डी झाली, मग गोवा, आणि या वेळी एकदम विमानाने निळ्या समुद्रातल्या एका बेटावर पाच दिवस. काका परत आले ते फुलाफुलांचा शर्ट घालून. तोच शर्ट घालून ते ग्रामसभेला आले आणि म्हणाले, "बेट म्हंजे काय असतं? चारी बाजूनी पाणी नि मधी जमीन. ते तर आपल्याकडं पडीक हाये."

टेकाडाचा वरचा तुकडा काकांच्याच नावावर, धरणात बुडता बुडता राहिलेला. त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. खरं कारण हे की काका खरोखरच करतील असं कोणाला वाटलंच नाही.

काकांनी केलं. नर्सरीतून नारळाची बारा रोपं आणली, माझ्या गुडघ्याएवढी. घर बांधताना उरलेली दोन ट्रॉली रेती पाण्याच्या कडेला पसरली, तो झाला समुद्रकिनारा. बांबूच्या चार झोपड्या उभ्या केल्या. म्हसा गावच्या जत्रेतून प्लॅस्टिकचे पोपट आणले आणि सागाच्या झाडांवर तारेने बांधले. खरे पोपट दोन दिवस येऊन बघून गेले, परत आले नाहीत. शेवटी पाटी लागली : ट्रॉपिकल आयलंड. देवजीआजा, ज्यांची धरणात होडी आहे, ते पाटीखाली उभे राहून बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "चांगलं हाये. पण म्हशींना वाचता येत नाय रे साईनाथ."

आता पाहुण्यांसाठी माहितीपत्रक हवं होतं. ते माझ्याकडे आलं.

मी मनस्वी, यंदा दहावीत. आठवीपर्यंत मी हजेरीला "हजर" म्हणायचे ते फक्त माझ्या बाकाला ऐकू यायचं. या जानेवारीत स्नेहसंमेलनाचं निवेदन करणारी मुलगी तापाने पडली आणि सरांनी मला ढकललं. पहिली पाच मिनिटं मी माइकपासून हातभर लांब उभी होते. नंतर काय झालं माहीत नाही, पण तेव्हापासून माझ्या हातात माइक दिला तर परत घ्यायला दोन माणसं लागतात.

काकांनी परदेशातून एक गुळगुळीत पुस्तिका आणली होती. कोणतं मलम लावावं, किती पाणी प्यावं, प्रवाळाला हात लावू नये, कोणता मासा कसा खावा, सगळं त्यात होतं. काका म्हणाले, "हेच मराठीत कर. फक्त नाव आपलं घाल."

"काका, आपल्याकडं प्रवाळ नाय."

"मग त्याच्या जागी काय हाये ते घाल."

मी घातलं. मन लावून लिहिलं. कसे याल, या भागात मी लिहिलं की आसनगावला उतरून जीप पकडा. ड्रायव्हर "दोनच सीट बाकी" म्हणेल, त्या सहा असतात. पुढे बसायला मिळालं म्हणून हुरळून जाऊ नका, गियर दोन पायांच्या मधे येतो आणि घाटात तो कोणाच्या गुडघ्याचं ऐकत नाही. खिडकी मिळाली तर बाहेर हात काढण्याआधी पुढच्या खिडकीतल्या माणसाला मळमळतंय का ते विचारून घ्या. कपड्यांबद्दल लिहिलं की समुद्रकिनाऱ्याचे पातळ, मोकळे कपडे जरूर आणा, करवंदीच्या काट्यांना ते फार आवडतात.

काकांनी एक वाक्य स्वतः सांगितलं : सुरक्षेच्या कारणास्तव जून महिन्यात बेटावर चालत येऊ नये. पहिले पाहुणे जूनच्या पहिल्या रविवारी येणार होते आणि तेव्हा पट्टी पूर्ण कोरडी असते.

मी म्हटलं, "काका, चालत येता येतं हे त्यांना ह्याच्यामुळंच कळंल."

काकांनी दोन मिनिटं विचार केला आणि वाक्य खोडलं.

जेवणाच्या भागात मी शेवळांवर अर्धं पान लिहिलं. वळवाच्या सरी पडल्या की आमच्या जंगलात जमिनीतून जांभळट कोंब वर येतात, ती शेवळं. वर्षातून तीन-चार आठवडेच मिळतात, आणि त्या भाजीसाठी मुरबाडचे लोक लग्नाचं जेवण सोडून घरी येतात. फक्त शेवळं खाजरी असतात. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायची आणि काकडं कुटून त्यांचा रस घालायचा. काकड म्हणजे जंगलातलं बोराएवढं हिरवं, आंबट-तुरट फळ. ते नसेल तर घशात कुसळं भरल्यासारखं होतं. म्हणून मी शेवटी ठळक लिहिलं : काकडाशिवाय केलेली शेवळं खाऊ नयेत.

काकांनी गोण्यांवर खुणा करायचं लाल पेन काढलं. "हे काढ."

"पण ते खरं हाये."

"खरं हाये म्हणून तर काढ. पावणा काय घसा धरून घ्यायला येल?"

"त्यांच्या पुस्तिकेत पण लिवलंय की. जेलीफिश चावतो, नारळ डोक्यात पडतो."

"तो परदेश हाये गो. तिथली भीती पण भारी वाटते."

मग काका म्हणाले की पत्रक रंगीत छापणार आणि खाली 'शब्दांकन : कुमारी मनस्वी' असं येणार. मी ते वाक्य काढलं. मला कोणी जबरदस्ती केली नाही, रंगीत छपाईने केली.

आता आईचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. माझी आई दर्शना, पडघ्याकडच्या एका गोदामात खोक्यांना चिकटपट्ट्या लावते. सकाळी सहाच्या जीपने जाते, दहा तास उभी असते, रात्रीच्या भाकऱ्या बसून थापते कारण उभं राहवत नाही. गावात तिचा सात बायकांचा बचत गट आहे. बेटावरचा स्वयंपाक गटाला मिळाला तर दर शनिवार-रविवार घरच्या घरी काम होतं, आणि सीझन चांगला गेला तर गोदाम सुटतं. आई हे कोणाला बोलली नव्हती. पण तिने माळ्यावरचे लग्नातले मोठे टोप काढून राखेने घासले होते, त्यावरून कळायचं ते कळलंच.

काका ओटीवर बसून म्हणाले, "वैनी, सगळं जेवण तुमालाच दिलं असतं. पण बेटावर टोपीवाला कुक लागतो. तिकडं सगळे टोपीवाले होते. मी कल्याणवरनं वाल्मिक म्हणून एक जण ठरवलाय. तुमी भाकऱ्या नि जंगलातलं सामान द्या."

"नि पुढं?" आईने विचारलं.

"पावण्यांनी तुमचं कायतरी मागितलं तर बघू. नाय तर वाल्मिकच."

गटातली कमळमावशी भिंतीला टेकून तंबाखू मळत होती. ती म्हणाली, "टोपी मी पण घालीन. चव काय टोपीतनं पडते?"

शनिवारी आईने गोदामात खाडा केला आणि गटातल्या सगळ्या बायका पहाटेच जंगलात गेल्या. शेवळं आणली, साफ केली, चिरली आणि काकडांच्या भरल्या पिशवीबरोबर काकांकडे दिली. आईने दोनदा सांगितलं, काकड विसरू नका. काका म्हणाले, "वैनी, मी ह्याच गावचा हाये."

रविवारी ठाण्याहून अकरा पाहुणे आले. सगळे एका मॉर्निंग वॉक ग्रुपचे, पन्नाशीच्या पुढचे, प्रत्येकाच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. त्यांच्या पुढारी दिशामॅडम, शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि त्यांचा आवाज असा की आमच्या मुख्याध्यापकांनी ऐकला असता तर उभे राहिले असते. काकांनी फुलाफुलांचा शर्ट घातला होता आणि माझ्या हातात भोंगा दिला होता.

बेटाच्या मागे, पट्टी झाकायला, काकांनी हिरवी जाळी ताणली होती आणि तिच्यावर कापडी फलक : पुढे घनदाट जंगल, प्रवेश बंद. त्या घनदाट जंगलात आमच्या रंभाकाकीचं वाळत घातलेलं लुगडं जाळीतून थोडंसं दिसत होतं.

"साईनाथ," देवजीआजा होडीपाशी हळूच म्हणाले, "हितनं हात लांब केला तर पलीकडची म्हैस हाताला येल. होडी कशाला?"

"होडीशिवाय बेट नसतं, आजा. लांबनं न्या."

आजांनी लांबून नेलं. इतकं लांबून की बेट आधी डावीकडे दिसलं, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. मी भोंग्यावर पाण्याची खोली, पक्षी आणि गावाचा इतिहास सांगितला. इतिहास संपला, बेट आलं नाही, मग मी भूगोलही सांगितला. चाळीस मिनिटांनी आम्ही रेतीवर उतरलो.

ग्रुपने लगेच बेटाला एक फेरी मारली. घड्याळात चारशे बारा पावलं पडली. दुसरी फेरी मारली. एका गृहस्थांनी नारळाच्या रोपाखाली पडलेला भलामोठा नारळ बघून विचारलं, "हा या झाडाचा?"

"पडलाय सकाळीच," साईनाथकाका म्हणाले.

ते गृहस्थ गुडघ्याएवढ्या रोपाकडे आदराने बघत राहिले.

जेवणाला वाल्मिकने हातभर उंच टोपी घातली होती. अननसाचा भात होता, कागदी छत्री खोचलेलं लाल सरबत होतं, आणि मधोमध मोठ्या भांड्यात पांढरट रस्सा. पाटीवर लिहिलं होतं, शेवळं नारळाच्या दुधात. माझ्याच पत्रकातलं अर्धं पान दिशामॅडमनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी भरभरून वाढून घेतलं. मला फार भारी वाटलं. साईनाथकाकांनी स्वतः सुकटीची चटणी आणि भाकरी घेतली.

मी पाण्याची कळशी आणायला मागच्या झोपडीत गेले. तिथे आईची काकडांची पिशवी दिसली. ती रिकामी होती, आतून उलटी केलेली, आणि तिच्यावर वाल्मिकने दुसरी टोपी वाळत घातली होती.

"ह्याच्यातली काकडं?"

"ते हिरवं हिरवं? त्याच्यानं ग्रेव्हीचा कलर मरतो. साईनाथसरांना विचारलं, ते बोलले नको टाकू. मागं बकऱ्या आलेल्या, त्यांना घातलं."

मी धावले. दिशामॅडमचा चौथा घास चालला होता. मी भोंगा तोंडाला लावून सांगितलं, "थांबा. शेवळं खाऊ नका."

साईनाथकाका हसले. "पोरगी गमतीदार हाये आमची."

तेवढ्यात नारळवाले गृहस्थ खाकरले. मग त्यांच्या शेजारचे. मग टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खाकरण्याची रांगच लागली. एक बाई रुमालाने जीभ पुसायला लागल्या. पाणी पिऊन काही होत नाही, ते त्यांनी पिऊन पाहिलं. वाल्मिकने धावत जाऊन अननसाचा रस आणला, त्याने तर आणखी पेटलं.

"हवामान लागतं पयल्यांदा," काका सांगत होते. "बेटाचं हवामानच तसं असतं."

दिशामॅडमना काहीतरी बोलायचं होतं. त्यांचा तो आवाज आता सायकलच्या पंपासारखा येत होता.

यावर एकच उपाय, आंबट. आमसुलं, चिंच, काहीही. बेटावर छत्र्या खोचायला चाळीस सरबतं होती, आमसूल एक नव्हतं. मी फोन काढला. काकांनी मला झोपडीमागे ओढलं.

"वैनीला बोलवतेस ना? होडीनं बोलव. आजाला धाडतो."

"जायला चाळीस, यायला चाळीस. काका, त्यांची अवस्था बघा."

"आजा सरळ नेईल."

"होडी चिखलात लावून, चढून, घर गाठून, परत. पट्टीवरनं आई बारा मिनिटांत येते."

"पट्टीवरनं आली तर त्यांना कळंल हे बेट नाय." काकांचा चेहरा घामाने डबडबला होता, शर्टावरची फुलंही भिजली होती. "मग हे बंद. हे बंद तर तुझ्या आईचं पण बंद. गोदामातच जाईल ती. कळतंय का तुला?"

मला कळत होतं. घासलेले टोप माझ्या डोळ्यांपुढे होते. पलीकडे त्या बाई रुमाल टाकून आता पदराने जीभ पुसत होत्या. काकडाचं ते वाक्य मी काढलं होतं, माझ्या हाताने.

मी आईला फोन लावला. "आई, शेवळात काकड घातलेलं नाय. चालत ये."

आईने एकच विचारलं, "किती माणसं?"

"अकरा."

फोन बंद झाला.

दहा मिनिटांत हिरवी जाळी हलली. आधी एका कोपऱ्यातून कोयत्याचं टोक आलं, मग जाळी वरून खाली फाटली आणि घनदाट जंगलाचा फलक जमिनीवर आला. त्यावर पाय ठेवून आई आत आली. डोक्यावर दुपारच्या जेवणाला केलेल्या आमसुलाच्या साराचा टोप. मागे कोयता घेतलेली कमळमावशी, तिच्या दुसऱ्या हातात आमचा घरचा भाजीचा टोप. आणि त्यांच्यामागे, चरायची वेळ झाली होती म्हणून, नऊ म्हशी.

फाटलेल्या जाळीतून सगळं दिसत होतं. गवताची सपाट पट्टी, तिच्यापलीकडे पाहुण्यांनी जिथून सकाळी होडी पकडली ती जागा, त्यांनी उभी केलेली गाडी आणि गाडीच्या टपावर बसलेली कोंबडी.

आईने कोणाकडे बघितलं नाही. वाटी भरून पहिली दिशामॅडमच्या हातात दिली. "गिळू नका लगेच. घशाशी धरा थोडा वेळ. मग गिळा." एकेकाला वाटी, प्रत्येकाला तेच. अर्ध्या तासात खाकरणं थांबलं. दिशामॅडमचा आवाज परत आला आणि त्यांनी तो लगेच वापरला.

"आपण होडीत चाळीस मिनिटं होतो ना?"

"व्हय," देवजीआजा म्हणाले. "त्यातली तीस गोल होती."

कोणी हसलं नाही. मग नारळवाले गृहस्थ हसले, आणि घसा दुखतो म्हणून थांबले.

मी भोंगा बाजूला ठेवून पुढे गेले. म्हटलं, "काकडाचं वाक्य मी लिहिलं होतं. छापायच्या आधी मीच काढलं. माझी चूक आहे." आवाज आठवीतल्यासारखा निघाला, पण ऐकू गेला. आईने खाली ठेवलेला भोंगा उचलला आणि कमळमावशीकडे दिला. कमळमावशीने तो तपासून म्हशींच्या दिशेने ठेवून दिला.

घरच्या टोपात शेवळंच होती, काकड घातलेली, आमच्या जेवणासाठी आईने सकाळी केलेली. कमळमावशीने झाकण काढलं तसे सगळे दोन पावलं मागे सरले.

"हे खावा. ह्यानं काय होत नाय," कमळमावशी म्हणाली.

"आधी यांना द्या," दिशामॅडम साईनाथकाकांकडे बोट दाखवून म्हणाल्या.

काकांनी खाल्लं. अकरा माणसं त्यांच्या गळ्याकडे बघत उभी होती. काकांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा, मग मान खाली घालून म्हणाले, "वैनी, आईच्या हातची आठवली." मग पाहुणे बसले. टोप पुसून रिकामा झाला. वाल्मिकनेही टोपी काढून एका भाकरीबरोबर खाल्लं आणि काकड कोणत्या झाडाला लागतं ते विचारून घेतलं.

निघताना दिशामॅडम आईला म्हणाल्या, "पुढच्या रविवारी आम्ही बावीस जण येऊ. या बेटाबिटावर नाही. तुमच्या घरी. चालत."

साईनाथकाका एका नारळाच्या रोपाला आळं करायला वाकले. आळं आधीच केलेलं होतं.

आईने पदराला हात पुसले. हो म्हणाली असती तर झालं असतं. तिने आधी कमळमावशीकडे बघितलं, मग काकांकडे.

"पावणे ह्यांनी आणलेत," ती म्हणाली. "झोपड्या, सावली सगळं ह्यांचं हाये. आमी हितंच करू, सगळा गट. बोला भावजी. जेवण आमचं असंल तर."

काका उभे राहिले. "टोपी?"

"टोपी नाय."

"पाणी चढल्यावर होडी लागंल वैनी, ते तर खरंच बेट होतं तवा."

"तवा होडी. सरळ. नि आता चालत. नि भाजीत काय पडंल ते मी सांगीन, कलर गेला तरी."

काकांनी बेटाकडे बघितलं. रेतीत म्हशी बसल्या होत्या. "बरं," ते म्हणाले.

पाहुणे पट्टीवरून घड्याळं बघत गाडीकडे गेले. आई टोप घेऊन घरी आली आणि ओट्यावर बसून तिने मुकादमाला फोन लावला.

"शनवारी येणार नाय," ती म्हणाली. "नाय, आजारी नाय. ह्याच शनवारी नाय, दर शनवारी." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं. आईने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग दुसरी बघा," आणि फोन ठेवून तांदळाचं पीठ चाळायला घेतलं.